वाकामात्सु-चोचा डोजो

चपला दारातच काढा आणि टोकं बाहेर वळवून नीट जोडीनं ठेवा. १९३१ चा एप्रिल आहे. तुम्ही टोकियोच्या उशिगोमे भागात, वाकामात्सु-चोमध्ये उभे आहात. डोजोच्या, म्हणजे युद्धकलेच्या तालमीच्या, लाकडाला अजून नवेपणाचा वास आहे. आत ८० तातामी, म्हणजे पेंढ्याच्या जाड चटया अंथरल्या आहेत. नाव कोबुकान, पण इथली मेहनत अशी की लोक याला 'नरकाचा डोजो' म्हणतात.

पैसे भरले की प्रवेश, असं इथं चालत नाही. दोन प्रतिष्ठित माणसांनी तुमच्यासाठी शब्द टाकावा लागतो. गुरूच्या घरीच राहणारे शिष्य म्हणजे उचिदेशी. पहाटे उठून ते झाडलोट करतात. आपल्या तालमीत पठ्ठे माती उकरतात, त्याच भावनेनं.

इथले गुरू मोरिहेई उएशिबा समोर येतात. वय ४७, उंची पाच फुटांच्या जरा वर. त्यांचं मनगट घट्ट धरा. हिसका बसत नाही, ओढ लागत नाही. तुमचाच जोर कुठंतरी वळतो आणि तुम्ही चटईवर पडलेले असता. ते डाव दाखवतात, समजावून सांगत नाहीत. पुन्हा उठा, पुन्हा पडा.

आता १९४५ मध्ये या. मोरिहेई १९४२ मध्येच इवामा गावी शेतीला लागलेत. त्यांच्या कलेचं 'आयकिडो' हे नावही त्याच वर्षी नोंदलं गेलं. डोजो त्यांनी मुलाच्या, किश्शोमारूच्या हवाली केलाय. १९४२ मध्ये तो २१ वर्षांचा, वासेदा विद्यापीठात शिकणारा. आकाशातून आग पडतेय, भोवतालची लाकडी वस्ती पेटलीय. तुमच्या हातात बादली आहे, पुढं तो धावतोय. डोजो वाचतो.

युद्ध संपतं आणि त्याच तातामींवर बेघर झालेली कुटुंबं संसार मांडतात. जिथं तुम्ही पडायला शिकलात, तिथं आता कुणाचं तान्हं मूल झोपलंय. किश्शोमारू कुणालाही बाहेर काढत नाही. पोटासाठी तो एका शेअर दलाली कंपनीत नोकरी धरतो, आणि सराव नोकरीच्या आधी-नंतर करतो. जपान हरलाय, युद्धकलांकडे संशयानं पाहिलं जातंय. तरी १९४८ च्या ९ फेब्रुवारीला आयकिडोच्या आयकिकाई संस्थेला सरकारी मान्यता मिळते.

माझं स्पष्ट मत आहे: कला मोरिहेईंची, पण शाळा उभी ठेवली ती या मुलानं. १९५६ मध्ये ताकाशिमाया या मोठ्या दुकानात त्यानं सर्वांसमोर प्रात्यक्षिकं करवली, ज्येष्ठ शिष्यांनाही पुढं केलं. शिफारशीची अट असलेलं दार त्यानं जगाला उघडलं.

जुनी लाकडी वास्तू १९६७ मध्ये पाडली, काँक्रीटची आली. मोरिहेई १९६९ मध्ये गेले. आता प्रमुखाला 'दोशू' म्हणतात आणि हे पद घराण्यात चालतं. १९९९ पासून ते मोरिहेईंचे नातू मोरितेरू यांच्याकडे आहे. इथं स्पर्धा नाहीत. आधी क्यू, मग दान, अशा पायऱ्या चढायच्या. नवा आणि जुना एकाच चटईवर एकमेकांना आळीपाळीनं पाडतात.

सकाळचा पहिला वर्ग साडेसहाला सुरू होतो.