न उघडलेल्या एअरबॅगचा हिशेब

गाडीचे बॉनेट चेपलेले, काच फुटलेली आणि एअरबॅग मात्र जागच्या जागी, असे छायाचित्र पाहिले की निष्कर्ष ठरलेला असतो: कंपनीने फसवले. कंपनीचे उत्तरही तितकेच ठरलेले असते: धडक पुरेशी जोरदार नव्हती, किंवा ज्या दिशेने बसायला हवी त्या दिशेने बसली नाही. ही दोन्ही विधाने कधी खरी असतात, कधी खोटी. एअरबॅगचा सत्तरेक वर्षांचा इतिहास तपासला तर वाद नेमका कुठे आहे ते कळते. पिशवी फुगवायची कशी, हा प्रश्न अभियंत्यांनी तुलनेने लवकर सोडवला. ती केव्हा फुगवायची नाही, हे ठरवण्यात मात्र त्यांची कित्येक दशके गेली. न उघडलेली एअरबॅग नेहमीच नादुरुस्त नसते. पण तिच्या न उघडण्यामागे कारखान्यात आधीच घेतलेला निर्णय असतो किंवा तिथेच राहून गेलेली चूक असते. यांतले कोणते, हे सांगण्याची जबाबदारी म्हणूनच गाडी बनवणाऱ्याची असली पाहिजे.

‘केव्हा’ हा प्रश्न अगदी पहिल्या आराखड्यांपासून होता. जर्मनीत वॉल्टर लिंडरर याने 1951 मध्ये दाबाखालच्या हवेने फुगणाऱ्या पिशवीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ती पिशवी बंपरला धक्का लागल्यावर उघडावी किंवा चालकाने स्वतः उघडावी, असे दोन्ही पर्याय त्याने ठेवले होते. अमेरिकेत जॉन हेट्रिक या अभियंत्याला 1953 मध्ये अशाच योजनेचे पेटंट मिळाले. दोन्ही कल्पना कागदावरच राहिल्या, कारण दाबाखालची हवा पुरेशा वेगाने पिशवीत शिरत नव्हती आणि धडक ओळखणारे भरवशाचे साधनही नव्हते. समोरून बसलेल्या जोरदार धडकेत माणूस स्टीअरिंगवर आदळण्याआधी सगळे काही पापणी लवायच्या आत उरकावे लागते; चालकाच्या हाती निर्णय सोपवणे अशक्यच होते. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲलन ब्रीड याने यावर साधा यांत्रिक तोडगा काढला. नळीत चुंबकाने धरून ठेवलेली पोलादी गोळी. वेग अचानक आणि काही क्षण सलग घटला तरच ती सुटून पुढे सरकते आणि विजेचा संपर्क जोडते. खड्ड्याचा हादरा बसला तर तो क्षणिक असल्याने गोळी टोकापर्यंत पोचत नाही. म्हणजे पहिल्या उपयोगी सेन्सरमध्ये उघडण्याइतकीच न उघडण्याचीही तजवीज होती.

जनरल मोटर्सने 1973 मध्ये हजारभर शेव्हरोले गाड्यांत एअरबॅग बसवून पाहिल्या आणि 1974 ते 1976 या मॉडेल वर्षांत सुमारे दहा हजार गाड्या अशा विकल्या. ग्राहकांचा प्रतिसाद थंड होता, म्हणून योजना गुंडाळली गेली. पुढची लढाई कायद्याच्या मैदानात झाली. रेगन प्रशासनाने स्वयंचलित सुरक्षासाधनांची सक्ती 1981 मध्ये मागे घेतली. तो निर्णय मनमानी असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ठरवले. अखेर 1991 च्या कायद्याने पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग अनिवार्य होण्याचा मार्ग मोकळा झाला. या सक्तीत एक गृहीतक दडलेले होते. बरेच अमेरिकन सीट बेल्ट लावत नाहीत, तेव्हा बेल्ट न लावलेल्या सरासरी बांध्याच्या पुरुषालाही ताशी 48 किलोमीटरच्या धडकेत एअरबॅगने वाचवले पाहिजे, अशी चाचणी ठेवण्यात आली. त्यासाठी पिशवी फार जोराने फुगावी लागे. जो जोर अशा पुरुषाला वाचवी, तोच पुढच्या आसनावरच्या मुलांचा आणि स्टीअरिंगला खेटून बसणाऱ्या ठेंगण्या बायकांचा जीव घेऊ लागला. 1990 ते 2008 या काळात, एरवी जिवावर न बेतणाऱ्या कमी वेगाच्या धडकांत, एअरबॅगच्या तडाख्याने अमेरिकेत 290 हून अधिक माणसे दगावली. त्यांतल्या बहुतेकांनी बेल्ट लावलेला नव्हता किंवा ती नीट बसलेली नव्हती, आणि बहुतेक गाड्या 1998 पूर्वीच्या होत्या.

‘शंका आली की उघडू द्या, जास्तीची सुरक्षितता काय वाईट,’ या युक्तिवादाला या मृत्यूंनी कायमचे उत्तर दिले. 1997 मध्ये कमी जोराच्या पिशव्यांना परवानगी मिळाली आणि 2000 च्या नव्या नियमाने एअरबॅगला माणूस ओळखायला शिकवले. आसनावरचे वजन, बेल्ट लावला आहे की नाही, आसन पुढे किती सरकवले आहे, हे सगळे पाहून संगणक ठरवू लागला की पिशवी पूर्ण जोराने उघडायची, कमी जोराने उघडायची की मुळीच नाही. गप्प राहण्याची रास्त कारणे त्यामुळे वाढली. अमेरिकी पद्धतीच्या गाड्यांत बेल्ट नसलेल्या माणसासाठी समोरची पिशवी साधारणपणे भक्कम भिंतीवर ताशी 16 ते 19 किलोमीटरने आदळण्याइतक्या धक्क्याला उघडते. बेल्ट असेल तर हा उंबरठा 26 च्या आसपास जातो, कारण तेवढ्या धक्क्याला बेल्ट पुरतो. मागून ठोकर बसली किंवा गाडी नुसती उलटली, तर समोरच्या पिशव्या उघडणे अपेक्षितच नसते. सर्वांत फसवी धडक उभ्या ट्रकच्या मागची. ट्रकचा सांगाडा उंच असतो. कार त्याखाली घुसते, बॉनेट आणि छत चेपते, पण धक्का पेलणाऱ्या खालच्या पोलादी दांड्या कशालाच भिडत नाहीत. गाडीचा चेंदामेंदा होतो, तरी सेन्सरला वेग हळूहळू घटल्यासारखा वाटतो. पत्रा किती चेपला हे डोळ्यांना दिसते. सेन्सर वेग किती झपाट्याने घटला तेवढेच मोजतो.

एवढे मान्य केले की दुसरा आक्षेप उभा राहतो: मग कंपन्यांना कायमची पळवाट मिळाली. प्रत्येक वेळी ‘उंबरठा ओलांडला नव्हता’ म्हणायचे आणि हात झटकायचे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा जनरल मोटर्सच्याच इतिहासात आहे. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि तशाच काही गाड्यांच्या इग्निशन स्विचमधली स्प्रिंग ठरवून दिलेल्यापेक्षा कमकुवत होती. किल्लीला जड जुडगा असला, गुडघा लागला किंवा चाक रस्त्याखाली उतरून हादरा बसला, तर किल्ली धावत्या गाडीत ‘ॲक्सेसरी’वर सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद आणि एअरबॅगही बंद. गाडी मग झाडावर आदळली तरी पिशव्या मिटलेल्याच. कंपनीतल्या लोकांनी इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी ग्राहकांच्या गैरसोयीच्या सदरात टाकल्या, कारण स्विच सरकला की एअरबॅगही निकामी होते ही सांगड त्यांनी घातलीच नव्हती. ती 2007 मध्ये घातली विस्कॉन्सिन राज्याच्या पोलिसांतल्या एका तपासकाने, एका अपघाताच्या अहवालात; पण तो अहवाल कंपनीत वर्षानुवर्षे पडून राहिला. त्याआधी 2006 मध्ये स्विच गुपचूप सुधारला गेला होता, तोही भागाचा क्रमांक न बदलता, त्यामुळे जुना-नवा वेगळा ओळखता येईना. गाड्या परत बोलावायला 2014 उजाडले. त्यांची संख्या अखेर 26 लाखांच्या घरात गेली. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले.

इथे पिशवी चांगली होती, सेन्सरही चांगला होता. बिघाड होता किल्लीच्या स्विचमध्ये. एअरबॅग ही एकटी वस्तू नसून साखळी आहे, आणि तिची कुठलीही कडी तुटली तरी बाहेरून परिणाम एकच दिसतो. काही वर्षांनी हेच दुसऱ्या ठिकाणी घडले. झेडएफ-टीआरडब्ल्यू या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रक पेटीतली चिप धडकेतच उसळणाऱ्या विजेच्या झटक्याने जळू शकते, म्हणजे जिने हुकूम द्यायचा तीच ऐन वेळी मरते, असा संशय आला. अमेरिकी नियामकाने 2019 मध्ये या तपासाची व्याप्ती सुमारे 1 कोटी 23 लाख गाड्यांपर्यंत वाढवली. ठरवून राखलेले मौन आणि बिघाडाने आलेले मौन यांत फरक करणे अपघातग्रस्त माणसाला शक्य नाही, हे या दोन प्रकरणांतून निर्विवाद दिसते.

भारतात हा प्रश्न सक्तीबरोबर घरोघर पोचला. चालकासाठी एअरबॅग जुलै 2019 पासून आणि शेजारच्या आसनासाठी नव्या मॉडेलांत एप्रिल 2021 पासून अनिवार्य झाली. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाई क्रेटाच्या एका खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. 2017 मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर त्याच्या गाडीला अपघात झाला होता आणि एअरबॅग उघडल्या नव्हत्या. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, हा कंपनीचा बचाव टिकला नाही. ग्राहकाने वेग आणि बल यांचे गणित करणारा भौतिकशास्त्रज्ञ असावे अशी अपेक्षा करता येत नाही, असा न्यायालयाचा रोख होता. अभियंत्यांना हा निकाल खटकू शकतो. समोरून धक्का बसला की पिशवी उघडलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ घेतला तर नव्वदच्या दशकातली चूक आपण पुन्हा करू. पण त्याचा गाभा वेगळा आहे. जाहिरातीत एअरबॅग हे अभय म्हणून विकायचे आणि तिच्या मर्यादा मात्र अपघातानंतर न्यायालयात सांगायच्या, हे चालणार नाही.

यावर कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्याकडे बाजूच्या एअरबॅगवर जाड सीट कव्हर चढवली जातात, स्टीअरिंग बाहेरून बदलले जाते, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेला असताना गाडी महिनोन्‌महिने पळवली जाते. पुढे बुलबार लावला की धक्क्याचे स्वरूपच बदलते. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये त्याविरुद्ध आदेश काढला, तो उगाच नाही. मालकाने केलेल्या अशा फेरफारांचे खापर कंपनीवर फोडणे अन्यायाचेच ठरेल. पण ते सिद्ध करण्याचे साधनही कंपनीच्याच हाती आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत एअरबॅगची नियंत्रक पेटी धडकेच्या आसपासचा वेग, ब्रेक, बेल्टची स्थिती आणि हुकूम दिला की नाही, याची नोंद ठेवू शकते. अमेरिकेत अशा नोंदीत काय असावे आणि ती कशी वाचता यावी, याचे नियम 2006 मध्ये झाले; युरोपीय संघाने 2022 पासून नव्या प्रकारच्या गाड्यांत ही नोंद सक्तीची केली. ब्रीडच्या गोळीला आपण का सुटलो नाही हे सांगता येत नव्हते. आजच्या संगणकाला ते सांगता येते. तेव्हा ‘धडक पुरेशी नव्हती’ हा बचाव मान्य करायचा तर सोबत नोंद मागावी, ती गाडीमालकाला आणि स्वतंत्र तपासकाला वाचू द्यावी. नोंद दडवली किंवा ठेवलीच नाही, तर मौन बिघाडाचे धरावे. गप्प राहण्याचा अधिकार यंत्राला आपण जीव वाचवण्यासाठी दिला. तो यंत्र बनवणाऱ्याला मिळत नाही.