मेटाफिजिक्स म्हणजे काय? ‘खरं काय आहे’ या प्रश्नावर कॉलेजात अख्खं सेमिस्टर का जातं?

८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री तुमच्या पाकिटातल्या पाचशेच्या नोटेत नेमका काय बदल झाला? कागद तोच होता. शाई, सुरक्षा धागा, गांधीजींचं चित्र, नंबर, सगळं जागच्या जागी होतं. रात्री अकरा एकोणसाठची नोट आणि बारा वाजून एक मिनिटाची नोट प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवली असती, तर दोघींत तिळमात्र फरक सापडला नसता. तरीही काहीतरी गेलं होतं, आणि ते इतकं खरं होतं की पुढचे कित्येक आठवडे बँकांसमोर रांगा लागल्या.

मग ते ‘काहीतरी’ होतं कुठे? नोटेत तर नव्हतं. सगळ्यांनी मिळून मानलं म्हणून एखादी गोष्ट अस्तित्वात असेल, तर तिला दगडासारखी ‘खरी’ म्हणायचं का? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९९५ मध्ये नेमक्या याच विषयावर पुस्तक लिहिलं. पैसा, कंपनी, देशाची सीमा, लग्न या गोष्टी आपल्या मान्यतेवर उभ्या असतात, पण एकट्यादुकट्याने ‘मी नाही मानत’ म्हटल्याने त्या पडत नाहीत, हा त्यातला गाभा.

असे प्रश्न विचारणारी तत्त्वज्ञानाची शाखा म्हणजे मेटाफिजिक्स. मराठीत तिला सत्ताशास्त्र, सत्तामीमांसा किंवा तत्त्वमीमांसा म्हणतात. इथे ‘सत्ता’ म्हणजे मंत्रालयातली खुर्ची नाही. सत्ता म्हणजे ‘असणं’. जगात काय काय आहे आणि ते ‘आहे’ म्हणजे नक्की काय, हा तिचा विषय.

नाव पडलं ते पुस्तकांच्या क्रमावरून

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या विषयावर लिहिलं, पण ‘मेटाफिजिक्स’ हा शब्द त्याने कधी वापरला नाही. तो याला ‘पहिलं तत्त्वज्ञान’ म्हणायचा. त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी त्याच्या लिखाणाची जुळणी झाली. ऱ्होड्सच्या अँड्रोनिकसने ती केली असं परंपरेने सांगतात. त्यात हे लेख ‘फिजिक्स’ या ग्रंथानंतर ठेवले गेले. ग्रीकमध्ये ‘मेटा’ म्हणजे नंतर. ‘फिजिक्सनंतरची पुस्तकं’ एवढाच त्या नावाचा अर्थ.

पुढे लोकांनी ‘नंतरचं’चं ‘पलीकडचं’ केलं आणि घोटाळा झाला. आज रीलवर ‘मेटाफिजिकल’ शोधलं की स्फटिक, व्हायब्रेशन आणि विश्वाकडून पैसे मागण्याचे उपाय समोर येतात. कॉलेजातल्या अभ्यासक्रमात यातलं काहीही नसतं. तिथे युक्तिवाद असतात. एखादं विधान खरं मानलं तर त्यातून पुढे काय काय मानावं लागेल, आणि ते परवडेल का, हे पाहायचं.

एसटी तीच, की दुसरी?

पहिल्याच आठवड्यात बहुतेक ठिकाणी एक जहाज येतं. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या प्लुटार्कने लिहून ठेवलंय की अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं जहाज जपलं होतं. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. असं करत करत सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच का? १६५५ मध्ये थॉमस हॉब्जने यात आणखी काडी टाकली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून पुन्हा जोडल्या तर? आता दोन जहाजं आहेत. थिसियसचं कुठलं?

यासाठी अथेन्सला जायची गरज नाही. एसटी महामंडळाच्या कार्यशाळांमध्ये जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवून गाड्या पुन्हा बांधल्या जातात. सीट नव्या, पत्रा नवा, रंग नवा. आरटीओला मात्र अडचण येत नाही, कारण तिच्या लेखी चेसिस नंबर तोच तर गाडी तीच. सरकारने एक खूण धरून प्रश्न सोडवला. तत्त्वज्ञ इथे विचारेल, ही खूण आपण शोधली की ठरवली? ठरवली असेल, तर ‘तीच गाडी’ ही जगातली वस्तुस्थिती नाही, आपली सोय आहे.

आपल्याकडे याचं जुनं आणि जास्त धारदार रूप आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ दाखव. चाक म्हणजे रथ का? आस? जू? यातलं एकही रथ नाही. रथ हे त्या जुळणीला व्यवहारात दिलेलं नाव आहे. आणि मग मुद्दा येतो: ‘नागसेन’ हेसुद्धा तसंच नाव आहे. आत वेगळा कुणी नागसेन बसलेला नाही.

जहाजाचा खेळ इथे माणसापर्यंत पोचतो.

‘तोच माणूस’ कशामुळे?

लहानपणीच्या फोटोतलं बाळ आणि आजचे तुम्ही यांत शरीर सारखं नाही, विचार सारखे नाहीत. मग ‘तो मीच’ कशाच्या जोरावर? इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर नवं प्रकरण घातलं. राजपुत्राच्या आठवणी आणि जाणीव एका चांभाराच्या शरीरात गेली तर तिथे कोण आहे? लॉकचं उत्तर: राजपुत्र. शरीर नव्हे, जाणिवेचा धागा महत्त्वाचा.

थॉमस रीडने १७८५ मध्ये त्यातली फट दाखवली. एका मुलाला शाळेत फटके बसतात. तरुणपणी तो लढाईत शत्रूचा झेंडा पळवतो, तेव्हा ते फटके त्याला आठवत असतात. म्हातारपणी तो सेनापती होतो. झेंडा आठवतो, पण फटके साफ विसरलेला असतो. लॉकच्या हिशेबाने सेनापती म्हणजे तो तरुण, तरुण म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नाही! हे गणितात बसत नाही.

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांना हा कागदावरचा खेळ वाटणार नाही. आई मुलाला ओळखत नाही, स्वतःचं नाव विसरते. ‘ही आता ती राहिली नाही’ असं घरातले म्हणतात, आणि तरी तिचा हात हातात घेऊन बसतात. ते हात धरणं लॉकच्या बाजूने नाही. डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये वेगळंच सुचवलं: ‘तोच की दुसरा’ या प्रश्नाला दरवेळी पक्कं उत्तर असेलच असं नाही, आणि आपल्याला खरी काळजी असते ती आठवणी, स्वभाव, माया यांच्या सातत्याची, जे कमीजास्त असू शकतं. या निष्कर्षाने आपली मृत्यूची भीती कमी झाली, असंही त्याने लिहिलंय. अनेकांना नागसेनाची आठवण होते ती इथेच. पार्फिटने स्वतःही बुद्धाचा उल्लेख केला आहे.

माणूस कधी संपतो?

हा प्रश्न भारतात कायद्याने सोडवावा लागला. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने ‘ब्रेन-स्टेम डेथ’ला मृत्यू म्हणून मान्यता दिली. हा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. तिसरं हिमाचल प्रदेश. चार डॉक्टरांचं मंडळ तपासणी करतं, किमान सहा तासांनी ती पुन्हा करतं आणि मग माणूस मृत घोषित होतो.

पण पलंगाशी उभ्या नातेवाइकांना काय दिसतं? व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे, हृदय चालू आहे. डॉक्टर म्हणतात गेले, डोळे म्हणतात आहेत. नातेवाइकांना काही कळत नाही असं म्हणून हा पेच सुटत नाही. माणूस म्हणजे मूलतः एक सजीव शरीर, असं मानणाऱ्या तत्त्वज्ञांचा एक पूर्ण गट आहे, आणि त्यांच्यातल्या काहींना मेंदूमृत्यूची व्याख्या पटत नाही. माणूस म्हणजे जाणीव, असं मानणाऱ्यांना ती उलट फार उशिराची वाटते. कायदा या दोघांच्या मध्ये एक रेघ मारतो, कारण दुसऱ्या वॉर्डात कुणीतरी मूत्रपिंडाची वाट पाहत असतं. डॉक्टरांच्या चाचण्या मेंदूचं काम थांबलंय का हे सांगतात. त्याला ‘मृत्यू’ म्हणायचं का, हे चाचणीतून येत नाही. ते आधीच ठरवावं लागतं.

गाय, गोत्व आणि नसलेला घडा

अभ्यासक्रमातला सगळ्यात रुक्ष वाटणारा भाग म्हणजे ‘सामान्य’. शंभर गायी वेगवेगळ्या, तरी सगळ्या गायीच. त्या सगळ्यांत असलेलं ‘गायपण’ ही वेगळी चीज आहे का? प्लेटो म्हणतो आहे, आणि ती या गायींपेक्षाही जास्त खरी आहे. वैशेषिक दर्शन म्हणतं आहे, पण ती गायींमध्येच राहते. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय या त्यांच्या सहा पदार्थांतलं चौथं ते हेच. बौद्ध तार्किक दिङ्नाग म्हणतो, असं काही नाही. ‘गाय’ हा शब्द फक्त गाय नसलेल्या सगळ्यांना बाजूला काढतो.

वैशेषिकांनी पुढे सातवा पदार्थ मानला, तो म्हणजे अभाव. ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला कळतं. मग कळलं ते काय? रिकामी जमीन, की घड्याचं नसणं? मोबाईल खिशात नाही हे जाणवल्यावर पोटात जो गोळा येतो, तो काही खिशाच्या अस्तराकडे पाहून येत नाही.

आपण ठरवतो, की ठरलेलं असतं?

१८१४ मध्ये लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने एका अफाट बुद्धीची कल्पना मांडली. तिला विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा, गती आणि सगळी बलं माहीत असतील, तर पुढचं सगळंच तिला दिसेल. मग तुम्ही उद्या काय कराल हे आजच ठरलेलं आहे, आणि गुन्हेगाराला शिक्षा देण्याला अर्थ काय?

यावर डेव्हिड ह्यूमपासून चालत आलेलं एक उत्तर असं की स्वातंत्र्य म्हणजे कारणांशिवाय वागणं नव्हे. आपल्या इच्छेने, कुणी जबरदस्ती न करता वागणं म्हणजे स्वातंत्र्य, आणि ते ठरलेल्या विश्वातही शक्य आहे. आपले कायदे साधारण याच वाटेने जातात. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ मनोविकारामुळे आपण काय करतोय हेच न समजणाऱ्याला गुन्हेगार धरत नाही. त्याच्या मेंदूत कारणं होती आणि इतरांच्या नव्हती, असं ते म्हणत नाही. समज होती का, एवढंच विचारतं.

‘मेंदू आधी ठरवतो, आपल्याला नंतर कळतं’ असे व्हिडिओ खूप फिरतात. ते बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगावर आधारलेले असतात. त्यात बोट किंवा मनगट हलवण्याच्या जाणिवेआधी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत हालचाल दिसली होती. पण ती हालचाल म्हणजे ‘निर्णय’ होता का, यावर वाद आहे. २०१२ च्या एका संशोधनाने तर ती मेंदूतल्या नेहमीच्या चढउताराची बेरीजही असू शकते असं दाखवलं. शिवाय मनगट हलवणं आणि नोकरी सोडणं हे एकाच मापाचे निर्णय नव्हेत.

काळाचा भाग साधारण शेवटी येतो. भूतकाळ आणि भविष्य ‘आहेत’ का, की फक्त वर्तमानच आहे? १९०८ मध्ये मॅक्टॅगार्टने काळच खरा नाही असा युक्तिवाद केला. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनंतर ‘आत्ता’ सगळ्यांसाठी एक असतं हेच टिकलं नाही, त्यामुळे इथे भौतिकशास्त्र आल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

हे सगळं हवेतलं आहे का?

हा आरोप जुना आहे आणि तो करणारे तत्त्वज्ञच होते. ह्यूमने १७४८ मध्ये असली पुस्तकं जाळून टाका म्हटलं. १७८१ मध्ये कांटने सांगितलं की आपली बुद्धी अनुभवाच्या हद्दीबाहेर गेली की स्वतःशीच भांडते. १९३० च्या आसपास व्हिएन्नाच्या मंडळींनी ही विधानं खोटीसुद्धा नाहीत, निरर्थक आहेत असं जाहीर केलं. विषय संपायला हवा होता. पण १९४८ मध्ये क्वाइनने दाखवून दिलं की वैज्ञानिकही काय काय अस्तित्वात आहे हे गृहीत धरूनच बोलतात. संख्यांशिवाय भौतिकशास्त्र होत नाही, मग संख्या आहेत का? १९७० च्या क्रिपकेच्या व्याख्यानांनंतर तर या शाखेला पुन्हा बहर आला.

मराठीत वाचायचं असेल तर दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश हाताशी असावा. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९१६ मध्ये प्रतापशेठजींनी सुरू केलेलं तत्त्वज्ञान मंदिर वेदान्ताच्या या चर्चांसाठी देशभर ओळखलं गेलं. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तलं सातवं प्रकरण अज्ञानाचं खंडन करतं, तेही याच प्रांतातलं आहे, फक्त सावकाश वाचावं लागतं. आणि यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक घेणाऱ्यांना यातून सुटका नाही. पहिल्या पेपरची सुरुवातच प्लेटो आणि ॲरिस्टॉटलपासून होते, आणि न्याय-वैशेषिकांचे पदार्थ त्याच पेपरात पुढे वाट पाहत असतात.