मावळचा पावसाळा: वर्षावासापासून कुंडमळ्यापर्यंत

१/ पुणे-लोणावळा लोकल देहूरोड सोडते आणि बेगडेवाडी येते. येथून जवळच, इंद्रायणीच्या पात्रात कुंडमळा आहे. पाण्याने कातळात कोरलेले रांजणखळगे पाहण्यास पावसाळ्यात तेथे झुंबड उडते. पण मावळात पावसाळा हा भटकंतीचा ऋतू कधीपासून झाला? 🧵

२/ प्राचीन काळी तो नव्हता. कार्ले, भाजे, बेडसे आणि बेगडेवाडीलगतच्या शेलारवाडीची लेणी कोकणातील बंदरांना घाटमाथ्याशी जोडणाऱ्या व्यापारी मार्गाच्या परिसरात कोरली गेली. भाज्याची लेणी तर इ.स.पू. दुसऱ्या शतकातील. भिक्षूंचा नियम असा, की पावसाळ्यात प्रवास थांबवून एकाच ठिकाणी वर्षावास करावयाचा.

३/ मराठेशाहीतही आभाळ भरून आले की मोहिमा थांबत. मावळा भातखाचरात उतरे. दसऱ्याला सीमोल्लंघन होई. लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी होते, सहलीसाठी नव्हेत.

४/ हे चित्र पालटले ते रस्ता आणि रेल्वेने. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. त्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप आणि अपघात यांत त्यांतील कित्येक दगावले. मुंबईकरांचे खंडाळा-लोणावळा या श्रमांवर उभे आहे.

५/ आजची ‘प्रेक्षणीय स्थळे’ पाहा. भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधले. वळवणचे पाणी टाटांच्या वीजनिर्मितीसाठी अडवले गेले. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचू लागली. पर्यटक या दोहोंच्याही हिशेबात नव्हता.

६/ कुंडमळ्याचा लोखंडी पूलही असाच. तो नदीपलीकडे जाणाऱ्या गावकऱ्यांसाठी होता. १५ जून २०२५, रविवार. जीर्ण झालेल्या त्या पुलावर पर्यटकांची गर्दी झाली आणि पूल कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले.

७/ आदल्याच वर्षी, ३० जून २०२४ रोजी, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले होते. दोन्ही दिवस रविवारच होते, हा निव्वळ योगायोग नव्हे.

८/ जुलै २०२५ मध्ये लोहगड ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाखाली जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी आता वाढणारच. म्हणून पूल, धरणे, पायऱ्या यांचा हिशेब नव्याने मांडणे आवश्यक आहे: त्या कोणासाठी बांधल्या, आज त्यांवर किती भार पडतो, आणि पावसाळ्यात त्या केव्हा बंद ठेवाव्यात.

९/ पावसाळ्यात कोठे थांबावे, हे या खोऱ्यातील जुन्या माणसांना ठाऊक होते. मावळात जाणाऱ्याने लेणी पाहावीत, गड चढावा. पाणी चढलेले दिसले की मात्र काठावरूनच परतावे.