उमरेडचा एक दिवस आणि टिळकांची दोन वर्षं

गेल्या शनिवारी अख्खा दिवस मोबाईलशिवाय काढला! नागपूरहून बसने उमरेडला गेलो, एक दिवसाच्या ख्रिस्ती रिट्रीटला. गेल्या गेल्या फोन जमा. मी जन्माने ख्रिस्ती, पण गेली काही वर्षं माझे रविवार चर्चपेक्षा प्रॉडक्शन सपोर्टमध्येच जास्त गेलेत. आईने फारच धरलं म्हणून गेलो, एवढंच.

पहिला प्रश्न अर्थात इंजिनियरचा: एका दिवसात काय होणार? संत इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या साधना-पुस्तकावर ही परंपरा उभी आहे (पोपची मान्यता १५४८), त्यातला मूळ क्रम तीस दिवसांचा. पण कामात बुडालेली माणसं त्यांनाही ठाऊक होती. अशांनी घरीच राहून रोज दीडेक तास साधना करावी, ही सोय पुस्तकातच आहे. म्हणजे पार्ट-टाइम कोर्स सोळाव्या शतकातच निघाला होता :)

दुपारी तासभर मौन. वाचायला मत्तयचा पाचवा अध्याय, डोंगरावरचं प्रवचन. आणि मला एकदम रेव्हरंड टिळक आठवले.

नारायण वामन टिळक, चित्पावन ब्राह्मण, कवी. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नागपुरात होते. तिथून नोकरीसाठी राजनांदगावला जाताना गाडीत एक युरोपियन भेटला. कवितेच्या, धर्माच्या गप्पा झाल्या. त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अशक्यच वाटलं. पण वाचायचा शब्द दिला होता, म्हणून ते वाचत गेले आणि याच डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण गोष्ट इथेच संपवतो. पण घरी काय झालं? लक्ष्मीबाईंची आणि त्यांची कित्येक वर्षं ताटातूट झाली. त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. ही सगळी होरपळ त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलीय, तीही हसतखेळत. एका प्रवासात लागलेल्या ठिणगीची किंमत घरच्यांनी वर्षानुवर्षं मोजली.

हे सगळं आठवत होतो, कारण त्याच अध्यायात एक जागा आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. इथे मी गप्प झालो. बाबा गेल्यावर घराच्या वाटणीवरून दादाशी अडीच वर्षं बोलणं बंद आहे. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं वाक्य, पण ऐकताना हातात नेहमी काहीतरी असायचं. त्या दिवशी हात रिकामे होते.

प्रकाश वगैरे काही दिसला नाही. संध्याकाळी फोन परत मिळाला. सत्तावीस मिस्ड कॉल, बहुतेक ऑफिसचे. ते तसेच ठेवले आणि उमरेडच्या बसस्टँडवरून दादाला फोन लावला.

"काय बे, आज कशी आठवण आली?"

पुढचं मला नीट बोलता आलं नाही. त्यालाही.

वाटणीचा प्रश्न आहे तिथेच आहे. टिळकांना दोन वर्षं लागली, लक्ष्मीबाईंना त्याहून जास्त. आम्हालाही लागतील. असो. येत्या रविवारी चर्चनंतर दादाकडे जेवायला जातोय. मटण तो स्वतः करणार आहे.