अमेरिकेतले मोठे पिकअप ट्रक खरंच किती टिकतात? मालकांचे अनुभव काय सांगतात?

२०१६ मध्ये टोयोटाने अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका ग्राहकाचा जुना टुंड्रा पिकअप परत घेतला आणि त्याला नवा कोरा ट्रक दिला. २००७ सालचा तो टुंड्रा नऊ वर्षांत दहा लाख मैल, म्हणजे सुमारे १६ लाख किलोमीटर चालला होता. इतकं चालल्यावर गाडीच्या आत काय शिल्लक राहतं, हे कंपनीला बघायचं होतं.

मे २०२४ मध्ये याच टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे १ लाख गाड्या रिकॉल केल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यात २०२२ आणि २०२३ चे टुंड्रा होते. कारखान्यात इंजिनाचे भाग कापताना निघालेला धातूचा कीस काही इंजिनांत तसाच राहिला होता. तो मुख्य बेअरिंगपर्यंत पोहोचला तर चालती गाडी बंद पडण्याचा धोका होता.

कंपनी तीच आणि गाडीचं नावही तेच, तरी एकाचा अनुभव सोन्यासारखा आणि दुसऱ्याचा डोकेदुखीचा. म्हणूनच 'कुठल्या कंपनीचा ट्रक सगळ्यात भारी?' या प्रश्नाचं सरळ उत्तर मालकांच्या अनुभवातून मिळत नाही. मिळतं ते असं, की आधी इंजिन बघा, मग त्याचं वर्ष बघा आणि मग गाडी कशी वापरली ते बघा. कंपनीचं नाव त्यानंतर.

फुल-साइज पिकअप म्हणजे काय?

भारतात दिसणाऱ्या टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स या गाड्या अमेरिकेच्या हिशोबाने मध्यम आकाराच्या. फुल-साइज म्हणजे फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्वरॅडो, जीएमसी सिएरा, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा. चार दारांची एफ-१५० सुमारे ५.९ मीटर लांब असते. फोर्डची एफ मालिका १९४८ पासून चालू आहे आणि १९७७ पासून ती अमेरिकेतली सर्वाधिक खपाची पिकअप आहे.

या गाड्यांना तिकडे 'अर्धा टन', 'पाऊण टन' आणि 'एक टन' असं म्हणतात. ही जुनी वर्गवारी आहे, आजच्या वजनाशी तिचा फारसा संबंध उरलेला नाही. आपल्याला जास्त आश्चर्य वाटेल ते वेगळ्याच गोष्टीचं. भाजी मंडईत दिसणारी महिंद्रा बोलेरो पिकअप हौद्यात सव्वा ते दीड टन माल सहज घेते. तिच्यापेक्षा कितीतरी मोठी आणि ताकदवान एफ-१५० मात्र बहुतेक रूपांत ७०० ते १,००० किलोच घेते.

कारण अमेरिकन पिकअपचं मुख्य काम मागे ट्रेलर ओढणं हे आहे. बोट, घोडे, राहण्याचा कॅम्पर असं चार-पाच टनांचं ओझं ती ओढते. त्याच गाडीतून मुलं शाळेत जातात आणि किराणाही येतो. त्यामुळे तिला आरामही हवा असतो आणि ताकदही.

कागदावरची ताकद आणि रस्त्यावरची ताकद

नव्या मालकांची पहिली निराशा बहुधा इथेच होते. जाहिरातीत लिहिलेलं असतं की गाडी ५ किंवा ६ टन ओढते. तो आकडा खोटा नसतो, पण तो एका ठरावीक इंजिन, ॲक्सल आणि गिअरच्या जोडणीचा असतो. तुमच्या गाडीचा खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

एक साधं गणित बघू. समजा, स्टिकरवर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून ६८० किलोपेक्षा जास्त भार नको. मागे ३,२०० किलोचा कॅम्पर जोडला. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार थेट गाडीच्या मागच्या टोकावर येतो. साडेबारा टक्के धरले तरी ४०० किलो झाले. गाडीत चार माणसं बसली की आणखी ३०० किलो. एकूण ७०० किलो, म्हणजे मर्यादा ओलांडली. ओढण्याची क्षमता ५ टन असूनही ३.२ टनांचा ट्रेलर या कुटुंबाला जड झाला. मागचे स्प्रिंग बसणं, पुढची चाकं हलकी होणं, ब्रेक आणि गिअरबॉक्स तापणं या तक्रारींची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

दुसरा धक्का इंधनाचा. रिकामी असताना हायवेवर लिटरला साडेआठ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी उंच कॅम्पर ओढताना चार-साडेचारवर येते. इथे वजनापेक्षा वाऱ्याचा विरोध जास्त नडतो. टर्बो इंजिनात हा फरक चटकन जाणवतो, कारण भार आला की टर्बो जास्त हवा कोंबतो आणि तितकंच जास्त पेट्रोलही लागतं. फोर्डच्या 'इकोबूस्ट' इंजिनाचे मालक थट्टेने म्हणतात, 'इको घ्या किंवा बूस्ट घ्या, दोन्ही एकदम मिळत नाही.'

टर्बोची बाजू उजवी ठरते ती डोंगरात. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोच्या घाटात साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन मोठ्या व्ही-८ ला मागे टाकतं ते त्यामुळे. सपाट टेक्सासमधल्या आणि कोलोरॅडोमधल्या मालकाचं एकाच इंजिनाबद्दलचं मत वेगळं असू शकतं आणि दोघंही बरोबर असू शकतात.

कुठल्या इंजिनाची कोणती तक्रार?

फोर्ड : २००४ नंतरच्या काही वर्षांतलं ५.४ लिटरचं, प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेलं व्ही-८ मेकॅनिक लोकांमध्ये बदनाम आहे. त्याचे स्पार्क प्लग काजळीने हेडमध्ये असे रुतून बसतात की काढताना अर्धा प्लग आतच तुटतो. तुटलेला तुकडा काढायची खास हत्यारंच बाजारात आली. २०११ मध्ये आलेल्या साडेतीन लिटरच्या इकोबूस्टची सुरुवातीची तक्रार दमट हवेतली होती. लांबच्या प्रवासात इंटरकूलरमध्ये पाणी साचायचं आणि ओव्हरटेक करायला जोरात दाबलं की इंजिन अडखळायचं. काही मालकांनी इंटरकूलरला बारीक भोक पाडून पाणी निथळण्याची सोय केली. पुढे २०१७ पासूनच्या इकोबूस्टमध्ये थंड इंजिन सुरू करताना खडखड येऊ लागली. ती कॅमशाफ्टची वेळ बदलणाऱ्या फेझर या भागाची होती.

जनरल मोटर्स : सिल्वरॅडो आणि सिएराच्या ५.३ लिटर व्ही-८ मध्ये २००७ पासून इंधन वाचवण्याची एक यंत्रणा आली. भार कमी असला की आठपैकी चार सिलिंडर झोपी जातात. त्यासाठी वेगळ्या प्रकारचे लिफ्टर लागतात. त्यातला एखादा अडकला की टिकटिक सुरू होते, मग एक सिलिंडर मार खातो आणि दुर्लक्ष केलं तर कॅमशाफ्टही झिजतो. काही मालक एक छोटं उपकरण लावून ही यंत्रणा बंदच ठेवतात. ६.२ लिटरच्या व्ही-८ चं प्रकरण याहून मोठं आहे. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने २०२१ ते २०२४ च्या सुमारे ६ लाख गाड्या अमेरिकेत रिकॉल केल्या. कारण क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधला दोष. तपासणीत दोष सापडला तर इंजिनाची दुरुस्ती किंवा बदली, नाही सापडला तर पातळ ०डब्ल्यू-२० ऐवजी घट्ट ०डब्ल्यू-४० ऑइल, असा उपाय ठरला.

रॅम : ५.७ लिटरच्या हेमी इंजिनाची 'टिकटिक' प्रसिद्ध आहे. पण या एका आवाजामागे दोन वेगळे आजार असतात. गाडी थंड असताना आवाज येतो आणि तापल्यावर जातो, तेव्हा बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला असतो. हे तुलनेने स्वस्त काम. इंजिन तापल्यावरही आवाज तसाच राहिला तर लिफ्टर आणि कॅमशाफ्टची शंका घ्यावी लागते, म्हणजे इंजिन उघडण्याचा खर्च. २०२५ च्या रॅम १५०० मधून हे इंजिन काढलं, मालक नाराज झाले आणि २०२६ साठी कंपनीने ते परत आणलं. तक्रारी माहीत असूनही मालकांना तेच हवं होतं. ओळखीच्या आजाराचं औषध तरी ठाऊक असतं!

टोयोटा : जुन्या ५.७ लिटर व्ही-८ चं नाव चांगलं आहे, पेट्रोल मात्र ते भरपूर पितं. टोयोटाचं जुनं दुखणं इंजिनात नव्हतं, चॅसीत होतं. बर्फाळ राज्यांत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने काही वर्षांच्या पिकअपच्या चॅसी आतून गंजल्या. २०१६ च्या तडजोडीत टुंड्रा, टॅकोमा आणि सिकोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांची तपासणी आणि गरज पडल्यास चॅसी बदलून देणं कंपनीने मान्य केलं.

डिझेल : पुणेकरांना कमिन्स हे नाव नवीन नाही, ही कंपनी १९६२ पासून पुण्यात आहे. तिचं ५.९ लिटर डिझेल १९८९ मध्ये डॉज रॅमच्या अवजड पिकअपमध्ये आलं आणि टिकाऊपणाचं दुसरं नाव बनलं. तरी त्याच्या १९९८ ते २००२ च्या पिढीत इंधनपंप कमकुवत निघाला, आणि '५३' हा आकडा ओतलेले काही ब्लॉक तडकले. इतक्या नावाजलेल्या इंजिनाचाही असा पडता काळ असतो.

दहा लाख मैल होतात तरी कसे?

लुइझियानाच्या त्या टुंड्राचा हिशोब करा. नऊ वर्षांत १६ लाख किलोमीटर म्हणजे रोज सरासरी ४९० किलोमीटर. एवढं अंतर फक्त हायवेवरच होतं. इंजिन एकदा तापलं की दिवसभर एकाच वेगात फिरतं. इंजिनाची बरीच झीज थंड असताना सुरू करण्यात होते आणि ती इथे फार कमी वेळा होते. शिवाय मालकाने सर्व्हिसिंग वेळेवर केलं.

याउलट रोज तीन किलोमीटरवर शाळेत जाणारा ट्रक ऑइल नीट तापायच्या आतच बंद होतो. मीटरवर कमी किलोमीटर दिसले तरी त्याचं आयुष्य कष्टाचं असतं. म्हणून जुना ट्रक घेताना केवळ मीटरवरचा आकडा बघून भुलू नका.

रिकॉल आणि बुलेटिन यांत गल्लत नको

अमेरिकेत नव्या पिकअपला साधारण ३ वर्षं किंवा ३६ हजार मैलांची सर्वसाधारण वॉरंटी मिळते. इंजिन आणि गिअरबॉक्सची बहुधा ५ वर्षं किंवा ६० हजार मैल, म्हणजे सुमारे ९६ हजार किलोमीटर. त्यानंतर इंजिन गेलं तर भुर्दंड मालकाचा.

सुरक्षेशी संबंधित दोषासाठी रिकॉल निघाला, तर वॉरंटी संपलेली असली तरी दुरुस्ती मोफत होते. गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी नसावी, एवढीच अट. तांत्रिक बुलेटिन हे मात्र कंपनीने मेकॅनिकला दिलेलं मार्गदर्शन असतं, त्यात मोफत दुरुस्तीचं वचन नसतं. 'कंपनीने चूक मान्य केली' म्हणून फिरणारा कागद अनेकदा असं बुलेटिनच असतं.

मालकाची तक्रार वाया जात नाही, हेही लक्षात ठेवा. तिथल्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे कुणीही तक्रार नोंदवू शकतं आणि एकसारख्या तक्रारी वाढल्या की चौकशी सुरू होते. याच संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा १७ अक्षरी क्रमांक टाकला की बाकी असलेला रिकॉल फुकटात कळतो. अमेरिकेत राहणारं तुमच्या घरचं कुणी जुना पिकअप घेत असेल, तर त्यांना आधी हे करायला सांगा.

अनुभव वाचताना पाच प्रश्न विचारा

१. इंजिन कोणतं आणि वर्ष कोणतं? हे सांगितलेलं नसेल तर त्या अनुभवाचा उपयोग नाही.

२. गाडी किती चालली आहे? आठ हजार किलोमीटरवर 'झकास गाडी' म्हणणाऱ्याने अजून काहीच बघितलेलं नाही.

३. वापर कसला? ट्रेलर ओढणं, हायवे की शहरातल्या छोट्या फेऱ्या?

४. ऑइल किती अंतराने बदललं आणि इंजिनात किंवा सस्पेन्शनमध्ये बाहेरून बदल केले का?

५. असे ट्रक एकूण किती विकले गेले? लाखो गाड्यांतल्या शंभर तक्रारी मोबाइलवर डोंगराएवढ्या दिसतात. ज्याचा ट्रक मुकाट्याने चालतो तो पोस्ट लिहायला बसत नाही.

या प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर एका अनोळखी मालकाचा अनुभव तुमचे हजारो डॉलर वाचवू शकतो. उत्तरं नसतील, तर ती पोस्ट लाइक करा, पण तिच्या भरवशावर गाडी घेऊ नका.