पार्सलमध्ये नक्की काय आहे?

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीने.

मागच्या पावसाळ्यात मी डोंबिवलीहून साताऱ्याला काकांकडे पार्सल पाठवलं. त्यांच्या जुन्या मारुती ८०० साठी ब्रेक ऑईलची उरलेली अर्धी बाटली. फॉर्मवर बिनधास्त लिहिलं, 'गाडीचे पार्ट्स'. बाटली वाटेत गळली. काकांचा फोन आला, "अरे, डबा ओला आलाय. पार्सल आणणाऱ्या पोराच्या हाताची आग होतेय. आणि त्याच्या पिशवीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पाकिटावरचा पत्ताच पुसला गेलाय."

खरं सांगू? मला आधी बाटलीचं वाईट वाटलं. त्या पोराचं नंतर. म्हणून पोस्टाचे नियम शोधायला बसलो, आणि इतिहासात शिरलो. तो सुरू होतो आपल्याच लाईनवर.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली पॅसेंजर गाडी आली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. १ मे १८५४ ला रेल्वे कल्याणला पोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशभर एकसारखी तिकिटं आणि वजनावर ठरणारे टपालाचे दर सुरू झाले. पुढे १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने ओलांडला. कल्याण हा फाटा झाला: एक रूळ पुण्याकडे, दुसरा नाशिककडे.

आता विचार करा. पूर्वी हरकारा पायी थैली नेायचा, त्यात मुख्यतः पत्रं. आता रेल्वेच्या एका थैलीत शेकडो अनोळखी लोकांच्या वस्तू एकमेकींना चिकटून बसल्या. १८७७ मध्ये व्हीपी सुरू झाली, म्हणजे वस्तू घरी येणार आणि पैसे पोस्टमनच्या हातात. आपल्या कॅश ऑन डिलिव्हरीची आजीच ती! वस्तू वाढल्या, तशा बाटल्याही वाढणारच.

मग आला १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा. त्याचं कलम १९ वाचून मी थबकलो. स्फोटक, धोकादायक, घाण, अपायकारक पदार्थ टपालाने पाठवायचे नाहीत, हे अपेक्षितच होतं. पण पुढे असंही आहे की दुसऱ्याच्या टपालाला किंवा पोस्टाच्या माणसाला इजा होईल असं काहीही पाठवायचं नाही. गाड्या तेव्हा आपल्याकडे जेमतेम येत होत्या, ब्रेक ऑईल तर कुणाच्या गावीही नव्हतं. तरी माझ्या पार्सलचं अगदी नेमकं वर्णन त्या कायद्यात आहे! हा कायदा १८ जून २०२४ पर्यंत चालला, त्यानंतर त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा लागू झाला. धोकादायक वस्तूंना पोस्टात मनाई आजही आहेच.

आत काय आहे हे बाहेरून कळलं नाही, तर काय होतं? याचं सगळ्यात भयंकर उदाहरण टपालाचं नाही, जहाजाचं आहे, आणि आपल्या मुंबईतलंच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, आणि सोबत कापसाच्या गाठी आणि वंगण तेलाची पिंपं. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तो लावलाच नव्हता. आग लागली, आणि दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

माझी बाटली आणि ते जहाज यांची बरोबरी नाही. पण फॉर्मवर 'पार्ट्स' लिहिणं म्हणजे छोटा का होईना, लाल बावटा न लावणंच.

१९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी पहिल्या शिफारशी काढल्या. आज त्यात ९ वर्ग आहेत. द्रवाची वाफ ज्या तापमानाला पेट घेऊ शकते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. साधारण ६० अंशांपर्यंत पेटणारा द्रव ज्वलनशील वर्गात जातो. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० च्या आसपास, म्हणून पेट्रोल कधीच नाही. बॅटरीचं अ‍ॅसिड कातडी जाळतं, तेही नाही. चेन ल्यूबचे स्प्रे कॅन दाबाखाली असतात आणि बहुतेक पेटतातही. इंजिन ऑईलचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० च्या वर, ब्रेक ऑईलचा बहुधा १०० च्या वर. ही पटकन पेटत नाहीत, पण गळतात. ब्रेक ऑईल तर गाडीचा रंगही उडवतं.

म्हणून पाठवायचंच असेल, तर आधी काउंटरवर विचारा, घेता का म्हणून. 'नाही' म्हणाले तर विषय संपला. घेत असतील तर कंपनीचं सील असलेली बाटलीच द्या. ती जाड पिशवीत बंद करा, भोवती सांडलेलं शोषून घेईल असा भुसा किंवा कागद भरा, मग मजबूत खोका. जागतिक टपाल संघाच्या नियमांतही द्रवासाठी हेच तत्त्व आहे: न गळणारं भांडं, भोवती शोषक, बाहेर पेटी. आणि फॉर्मवर खरं नाव लिहा.

माझी बाटली तर सील फोडलेली होती. उघडं ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे ती पोचली असती तरी काकांच्या कामाची नव्हती. काकांनी ते साताऱ्यातल्याच दुकानातून घेतलं.

त्या पोराचा हात दोन दिवसांत बरा झाला, असं काका म्हणाले. ते पाकीट कुणाचं होतं, कुठे पोचलं का, हे मात्र मला कधीच कळणार नाही.

भेटू पुढच्या भागात.