अपूर्णांक कशाचा? ग्वाल्हेर, लीलावती आणि चौथाई

ग्वाल्हेर किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरातील इ. स. 876 चा शिलालेख शून्याच्या नोंदीसाठी प्रसिद्ध आहे. फुलबागेच्या जमिनीचे 270 गुणिले 187 हात हे माप आणि रोजच्या 50 माळा त्यात स्थानमूल्य पद्धतीने नोंदल्या आहेत. अपूर्णांकाच्या इतिहासाशी या परिसराचे नाते मात्र आडवळणाने येते. ग्वाल्हेरजवळ आंतरी येथे 1602 मध्ये मारल्या गेलेल्या अबुल फजलची कबर आहे. त्याचा थोरला भाऊ फैजी याने अकबराच्या आज्ञेवरून 1587 मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे (1150) फारसीत भाषांतर केले.

‘लीलावती’त एका कंजूष माणसाचे उदाहरण आहे. त्याने याचकाला एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा पाव भाग दिला. गुणाकार केल्यास 1/1280 येतो. द्रम्माच्या कवड्याही 1280च. म्हणजे दान एका कवडीचे! हे सर्व अंश एकाच द्रम्माचे मानले, तर पहिले दोनच मिळून द्रम्माहून जास्त होतात. म्हणूनच भास्कराचार्य भागाचा भाग या प्रकाराला ‘प्रभागजाती’ असे वेगळे नाव देतात. पोळीचे वा वर्तुळाचे चार तुकडे दाखवून अपूर्णांक शिकवणाऱ्या आपल्या वर्गांत हा भेद बहुधा राहूनच जातो. तिथे पूर्ण वस्तू डोळ्यांसमोर एकच असते, ती बदलत नाही.

ज्या मराठी सत्तेतून पुढे ग्वाल्हेरचे शिंदे घराणे उदयास आले व 1810 मध्ये लष्कर येथे स्थिरावले, तिच्या महसुली व्यवस्थेत या भेदाला रोकड किंमत होती. 1719 च्या मोगल सनदांनी छत्रपती शाहूंना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मिळाली. चौथाई हा महसुलाचा चतुर्थांश. तिचा पुन्हा चतुर्थांश ‘बाबती’ म्हणून राजाचा. उरलेल्या पाऊण हिश्शाला मोकासा म्हणत. त्यातून शेकडा 6 ‘साहोत्रा’ पंतसचिवाला व शेकडा 3 ‘नाडगौडा’ राजाच्या मर्जीप्रमाणे दिला जाई. बाकीचा मोकासा फौजेच्या खर्चासाठी सरदारांना मिळे. येथे मेख अशी की, हे 6 आणि 3 मोकाशातून वजा होत, पण मोजले जात संपूर्ण चौथाईवर. त्यामुळे 100 रुपये चौथाईत 25, 6 आणि 3 वजा जाऊन सरदारांच्या वाट्याला 66 उरत. साहोत्रा जर 75 रुपयांवर धरला, तर तो साडेचारच होतो. शेकड्यामागे दीड रुपयाचा हा फरक, गणित न चुकता, केवळ ‘कशाचे शेकडा सहा’ हे न सांगितल्याने पडतो.

मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत, तेव्हा सोळा आण्यांचा रुपया हे पूर्ण ठरलेले असे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे 100 पैसे झाले. तरी 25 पैशांच्या नाण्याला, ते 30 जून 2011 रोजी चलनातून जाईपर्यंत, लोक चार आणेच म्हणत.